पहिल्या बर्फाचं पाकीट

"असद, तुझ्या नावाचं पाकीट आहे रे!" रमजानने दारातूनच हाक दिली, आणि आमच्या यांचा हात लगेच पुढे झाला. जन्मभर टपाल वाटलेला हात तो. पाकीट दिसलं की थांबायचं त्याला ठाऊकच नाही. यांनी पाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, उघडलं. आत मूठभर बर्फ होता.

"नवा शीन मुबारक!" रमजान आणि गफ्फार एकदमच ओरडले. "फसला! असद डार फसला!"

आमच्याकडे पहिला बर्फ, म्हणजे नवा शीन, पडला की हा खेळ असतो. बर्फ कशाततरी लपवून दोस्ताच्या हातात द्यायचा. ज्याने घेतला तो हरला. जेवण त्याच्या घरी. हे तिघे शाळेत जायचे तेव्हापासून खेळत आले आहेत. अंगणात एकमेकांना गोळे मारून झाले की आमच्या खोलीत कांगडीतल्या निखाऱ्यांची ऊब घेत अक्रोडांची एकी-बेकी खेळायची, आणि खेळता खेळता डाव साधायचा.

आमचे हे मात्र आजवर कधीच हरले नव्हते. उलट शीनच्या दिवशी यांच्या हातून गावात कुणी साधं पत्र घेत नसे. 'खिडकीत ठेव आणि जा,' म्हणायचे. यांना ना बढती मिळाली, ना घरात पाळणा हलला. पण "माझ्या हातात कुणी शीन ठेवून दाखवावा" हे मशिदीच्या पायरीवरसुद्धा ऐकवायचे. सगळ्या गावाला फसवून झालं की संध्याकाळी माझी पाळी. मला आधीच कळायचं. तरी दरवर्षी मी हात पुढे करायची, आणि हे पोरासारखे ओरडायचे.

गेल्या हिवाळ्यापासून यांना विसर पडायला लागला. सकाळचा चहा दुपारी आठवत नाही. हे रमजानला माहीत होतं, गफ्फारलाही होतं. म्हणूनच तर आले होते.

डाव मांडला. यांनी अक्रोड मुठीत घेतले आणि मूठ तशीच धरून खिडकीबाहेर बघत बसले.

"एकी की बेकी, कधी विचारणार?" गफ्फारने डिवचलं.

"काय?"

गफ्फार फिदीफिदी हसला. तेवढ्यात रमजान बाहेर जाऊन आला. "असद, तुझं पाकीट आहे रे!" हात पुढे. पुन्हा तोच गलका. घटकाभराने तिसऱ्यांदा. या वेळी तर यांनी पाकीट उघडलंही नाही. नीट अंगातल्या पायघोळ फेरनच्या आत, कांगडीपाशी ठेवून दिलं.

मी चहाचा समावार आपटलाच. "पुरे झालं. लाज वाटते का काही?"

"वहिनी, खेळ आहे," रमजान म्हणाला. "माझा इक्बाल दिल्लीला होता, मी त्याच्या पत्रासाठी डोळे लावून बसलो होतो. यानेच पाकीट आणून दिलं, वर इक्बालचं नाव घालून. मी डोळ्यांना लावलं ते. आत शीन! सगळं गाव खो खो हसलं. तेव्हा खेळच होता ना?"

"इक्बालचं पत्र नंतर आलं ना? यांचं डोकं परत येणार आहे का?"

रमजानने अक्रोड फोडला आणि खाल्ला.

हरलेल्या घराने जेवण द्यायचं ही रीत. अंडी देणारी एकच कोंबडी उरली होती, ती मी कापली. तिघे एका ताटात जेवायला बसले. हे खुशीत होते.

"यंदा कोण फसलं?" यांनी विचारलं.

"तू! तीनदा!" गफ्फार म्हणाला.

हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मी? अरे, माझ्या हातात कुणी शीन ठेवून दाखवावा!" ते दोघेही पोट धरून लोळले. मग यांनी स्वतःसमोरची तंगडी उचलून रमजानच्या बाजूला ठेवली. "तूच फसला असशील, दरवर्षीसारखा. खा. हरलेल्याने पोटभर खावं."

रमजानने ती खाल्ली. मेल्याच्या घशाखाली उतरली कशी, मला अजून कळत नाही.

ते गेल्यावर मी जेवायला अंथरलेलं दस्तरखान आवरत होते. यांनी फेरनमध्ये हात घातला आणि ते तिसरं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं.

"हे घे."

मी हातातलं सगळं खाली टाकलं आणि दोन्ही हातांनी ते घेतलं. कागदाचा लगदा झाला होता. पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. मी यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. आता ओरडतील, आता 'फसलीस!' म्हणतील.

यांचा चेहरा उतरला.

"भिजलं कसं गं हे?" हे हळूच म्हणाले. "कुणाचं टपाल होतं?" आणि ते माझ्या हातातून परत घेऊन फेरनच्या बाहीने पुसू लागले.