मापाला दिलेला सदरा

हेडफोनच्या गादीचा एक काळा पापुद्रा तिच्या बोटाला चिकटला होता, आणि तो झटकून जाईना म्हणून ती अंगठ्याने त्याची गोळी करत बसली होती — मान वर केली असती तर चेहऱ्यावर काय चाललंय ते मागच्या दोघांना समोरच्या काचेत दिसलं असतं. पडद्यावरची बाई पुन्हा स्टुलावर चढली. घर कायमचं सोडून निघालेली, सामान पुढे गेलेलं, आणि ही एकेका खोलीतला बल्ब काढून पिशवीत टाकत चाललेली. बल्ब निघाला की खोली काळी, मग पुढची खोली. बाईच्या तोंडी एक शब्द नाही. जे काय बोलायचं ते संगीताने बोलायचं. आणि संगीत बोलत होतं… खाली चेलोचा एकच लांब स्वर, मग बासरी सुरू होण्याआधी वाजवणाऱ्याने घेतलेला श्वास, चक्क ऐकू येणारा, आणि मग ती बासरी, सूर लावायच्या ऐवजी लावू का म्हणून विचारणारी.

हे माझं आहे. हे मी केलंय.

“ऐकलास तो श्वास?” मागून दिग्दर्शक म्हणाला. “दुसरा कुणी असता तर कापून टाकला असता. ठेवायला धाडस लागतं. ह्याला म्हणतात मोठा माणूस.”

मोठा माणूस म्हणजे थोरले. ज्यांच्याकडे तिने इतकी वर्षं काढली, ज्यांना सगळे समोर सर आणि पाठीमागे थोरले म्हणतात, ज्यांचं नाव पोस्टरवर नटांच्या नावाएवढं मोठं येतं ते संगीतकार. थोरल्यांच्या घरामागे ओळीने लहान लहान खोल्या होत्या, प्रत्येक खोलीत एक कीबोर्ड आणि एक माणूस. सकाळी थोरले येऊन प्रसंग वाटून जात, तुला पाठलाग, तुला मरण, तुला आईची भेट, आणि संध्याकाळी फिरून सगळं ऐकत, इथे जरा वाढव, तिथे कमी कर. वर नाव त्यांचं. कुणी काही सही करून घेतली नव्हती, पण इथे लिहिलेलं ते इथलं, एवढं पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि तो श्वास… तो श्वास कापायला थोरल्यांनीच सांगितलं होतं! रेकॉर्डिंगमधला गाळ आहे म्हणाले होते. ती कधी नव्हे ती हटून बसली, दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि शेवटी ते वैतागून म्हणाले, ठेव बाई तुझा श्वास. त्या घरात तिने जिंकलेलं ते एकच भांडण, आणि आज त्याचं बक्षीसही त्यांच्याच घरी पोचलं होतं.

चित्रपट जुळवताना खाली कुठलं तरी आधीच तयार असलेलं संगीत तात्पुरतं घालून ठेवायचं, म्हणजे प्रसंगाला चाल येते, आणि खरं संगीत झालं की ते काढून टाकायचं, अशी ह्या धंद्याची रीत आहे. रीतीत वाईट काही नाही. फक्त महिनोन्‌महिने तेच ऐकून दिग्दर्शकाचा त्या तात्पुरत्यावरच जीव जडतो आणि मग तो संगीतकाराला म्हणतो, अगदी असंच पाहिजे, फक्त हे नको. तिची आई घरी शिवणकाम करते, तिच्याकडे माणसं मापाला जुना सदरा घेऊन येतात, ह्याच मापाचा शिवा म्हणतात, आणि नवा नेताना आरशासमोर उभं राहून म्हणतात, जुन्याची मजा नाही. आई निदान तोंडावर सांगते, मग जुनाच घाला.

तिला तेवढीही सोय नव्हती. थोरल्यांकडून बाहेर पडल्यावर दारोदार चपला झिजवून मिळालेला हा पहिला चित्रपट, आणि तोही अजून पुरता मिळालेला नाही. बाकीचं सगळं दिग्दर्शकाने पसंत केलं होतं. अडलं होतं ते ह्या बल्बांच्या प्रसंगावर. तिने केलेलं त्याने तीनदा ऐकलं आणि म्हणाला, छान आहे, नेटकं आहे, पण थंड आहे गं. मग त्याने हे लावलं, थोरल्यांच्या एका जुन्या चित्रपटातलं, ह्या प्रसंगाखाली इतके दिवस तात्पुरतं घातलेलं. आणि अतिशय प्रेमाने, ती दुखावू नये अशा बेताने सांगितलं की उद्या दुपारपर्यंत ह्या वळणाचं काही जमलं तर चित्रपट तिचा. नाही तर थोरल्यांकडे शब्द टाकलेला आहे, ते करायला तयार आहेत.

तयार आहेत! का नसतील? आयत्या बिळावर नागोबा. आणि करणार कोण? तिच्या जागी त्या शेवटच्या खोलीत, खिडकी न उघडणाऱ्या, जो कोणी नवा बसवला असेल तो. म्हणजे तिच्यासारखं तिने करायचं, ते जमलं नाही तर तिच्यासारखं दुसऱ्या कुणी तरी करायचं, आणि दोन्हीकडे वाहवा थोरल्यांची. असा तमाशा कुणी लिहून दाखवला असता तर ती म्हणाली असती, फार झालं.

“हे मीच केलंय,” ती म्हणाली.

म्हणाली तेव्हा आवाज वेगळाच आला, शाळेत बाईंना सांगताना येतो तसा. दिग्दर्शक हसला — तो कुत्सित हसला असता तर बरं झालं असतं. “अगं, थोरल्यांकडे काम केलेला प्रत्येक जण मला हेच सांगतो. ह्याच तुकड्याबद्दल आधी दोघांनी सांगितलंय. एक तर रडला होता.” मग तिच्या खांद्यावर हलकेच थोपटून तो चहाला निघून गेला.

दोघांनी! कोण दोघं? तिच्या डोळ्यांपुढून त्या सगळ्या खोल्या गेल्या, एकेक चेहरा. पाठलागवाला की मरणवाला? आणि रडला म्हणे. निर्लज्जा, तू कशाला रडतोस, तुझ्या पाठलागात माझं काही होतं असं मी कधी म्हटलं का? पण त्याहून जास्त राग तिला स्वतःच्या त्या आवाजाचा आला. हात दाखवून अवलक्षण. न बोलावं तर आतून पोखरणार, बोलावं तर रडणाऱ्यांच्या रांगेत तिसरा नंबर.

खुर्चीवरून उठून ती बाहेरच्या बोळात आली तेव्हा इतका वेळ दिग्दर्शकाशेजारी बसलेली संकलक तिच्या मागे आली. ही वयाने मोठी, पिकल्या केसांची, चित्रपटांची कापाकापी करण्यात जन्म गेलेला, म्हणून सगळे तिला कात्रीताई म्हणत. ह्या चित्रपटासाठी तिचं नाव सुचवलं होतं तेही कात्रीताईनेच. बोळात पाण्याचं यंत्र घुरघुरत होतं. कात्रीताईने एक पेला भरला, तिच्या हातात दिला, आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाली, “मला माहीत होतं तुझं आहे ते. म्हणूनच लावलं होतं.”

“म्हणजे?”

“तू येण्याआधी कानाला सवय होईल त्याच्या, म्हटलं. तुझ्या हाताची. मग तू आलीस की ओळखीचं वाटेल, दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही तो.” कात्रीताईने दुसरा एक रिकामा कागदी पेला उचलून उगाच बोटांनी चेपला. “कुणाचं आहे म्हणून विचारलं त्याने, तेव्हा तुझं नाव घेणार होते गं. पण शेजारी निर्माते बसलेले. जे नाव छापलंय तेच तोंडातून गेलं.”

भल्यासाठी केलेलं. वाट सोपी करावी म्हणून त्या भल्या बाईने तिच्याच पायात तिचंच संगीत आणून टाकलं होतं, आणि ऐन वेळी तीही घाबरली होती. तिच्यावर ओरडावं असं वाटलं आणि तिच्या गळ्यात पडावं असंही वाटलं, आणि दोन्ही न करता ती फक्त म्हणाली की पाणी फार गार आहे.

रस्त्याने जाताना तिची तोंडातल्या तोंडात भाषणं चालली. हे तिचं जुनं दुखणं. आधी दिग्दर्शकाला एक भाषण झालं, मुद्देसूद, शेवटी त्याला मान खाली घालायला लावणारं. मग थोरल्यांना, त्यांच्या दिवाणखान्यात, लोकांदेखत. मग त्या रडक्याला. मग सगळ्या धंद्याला मिळून एक, बक्षीस समारंभात, माईकसमोर… सुतार दार करतो तेव्हा दारावर नाव घालत नाही हे मला मान्य आहे, पण निदान दुसऱ्या सुताराचं तरी घालत नाहीत. हे वाक्य तिला इतकं आवडलं की ती दोनदा म्हणाली आणि समोरून येणारा एक गृहस्थ बाजूला सरकला. काचेच्या दुकानापाशी एक माणूस शिडीवर उभा राहून पाटी पुसत होता. त्याच्यावरही ती चिडली, कारण शिडी वाटेत होती.

घरी आई मशीनवर होती. काय म्हणाले म्हणून विचारलं, आणि तिने थोडक्यात सांगितलं, म्हणजे निम्मंच सांगितलं. आईने पायडल थांबवलं नाही. एवढं काय त्यात, तुझंच आहे ना, मग परत तेच करून दे, असं तिचं म्हणणं. आणि मग, दोरा दाताने तोडून, “नाव तरी ह्या वेळी येईल ना? मावशी विचारते. प्रत्येक वेळी मी काय सांगू तिला, पुढच्याला येईल म्हणून?”

मावशीसाठीही एक भाषण तयार झालं.

खोलीचं दार लावून ती कीबोर्डपाशी बसली तेव्हा उन्हं कलली होती. बल्बवाली बाई सुरू केली, आवाज बंद करून. आणि करून टाकलं. इतकं सोपं गेलं की तिला भीती वाटली. चेलोचा स्वर जरा खालचा, बासरीऐवजी क्लॅरिनेट, आधीच्या वळणाला उलटं वळण, शेवटी तीच अर्धवट सोडलेली ओळ. हात आपोआप जात होते, थोरले कुठे म्हणतील वाढव आणि कुठे म्हणतील पुरे हे बोटांना पाठ होतं. चहा निवायच्या आत तुकडा तयार. ऐकला. चांगला होता. दिग्दर्शक म्हणेल, हे बघ, जमलं की! आणि चित्रपट तिचा होईल, नाव येईल, मावशीला सांगता येईल, आणि पुढचा माणूस बोलावेल तेव्हा म्हणेल, थोरल्यांसारखं करते ती, स्वस्तात.

मग तिने आपलं लावलं. ते थंड म्हटलेलं. रागानेच लावलं, त्याच्यात काय उणं आहे ते एकदा बघावंच म्हणून, आणि खरं तर काहीच उणं नाही हे पुन्हा पटवून घ्यावं म्हणून. बाई स्टुलावर चढली. स्वर आला, जागेवर आला. दुसरा आला, तोही जागेवर. बल्ब निघाला, खोली काळी झाली, आणि तिथे संगीत थांबलं, नीट, अदबीने, कुणाच्या पायात येऊ नये अशा बेताने थांबलं, आणि पुढच्या खोलीत पुन्हा विचारून सुरू झाल्यासारखं सुरू झालं…

तिने मध्येच थांबवलं. पुन्हा पहिल्यापासून लावलं.

प्रत्येक स्वर असा होता की कुणी विचारलं, हा का, तर तिच्याकडे उत्तर होतं. आणि श्वासवाल्या तुकड्यात एकाही स्वराला उत्तर नव्हतं. तेव्हा तिने विचारच केला नव्हता कुणी विचारेल म्हणून. विचारलं असतं तर थोरल्यांना विचारलं असतं. फसलं असतं तर त्यांचं फसलं असतं. तिथे त्या खिडकी न उघडणाऱ्या खोलीत, बिननावाची, ती दांडगाई करत होती, वाट्टेल तिथे गप्प बसत होती, वाट्टेल तिथे ओरडत होती, दोन दिवस न बोलता एका श्वासासाठी भांडत होती — आणि इथे, स्वतःच्या नावाखाली, पहिल्यांदाच स्वतःच्या नावाखाली, पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी हात मांडीवर घेऊन बसली होती.

म्हणजे तो बरोबर होता. नाव चुकलं, माणूस चुकला, खांद्यावर थोपटलं ते तर चुकलंच, आणि तरी त्याचं बरोबर होतं. हे सहन होण्यासारखं नव्हतं. तिने टेबलावर मूठ आपटली, फार जोरात नाही, आणि पलीकडच्या खोलीत मशीन क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. हे कुणावर काढायचं? थोरल्यांवर? त्यांनी घेतलं ते घेतलंच, ते काही कमी होत नाही, त्याचा हिशेब वेगळा. पण हे भ्यालेलं, घडी घातलेलं संगीत त्यांनी लिहायला सांगितलं नव्हतं. हे तर मीच लिहिलं, दार लावून, कुणीही मागे उभं नसताना.

फोन वाजला. दिग्दर्शकाचा निरोप, होतंय का काही, सोबत एक हसरा चेहरा. थोरल्यांसारखा तुकडा समोर तयार होता, पाठवायला एक बोट पुरे होतं. तिने तो पाठवला नाही, पुसलाही नाही. फोन उताणा होता तो पालथा घातला.

बाई पुन्हा पहिल्या खोलीत होती, बल्ब जागच्या जागी, पिशवी रिकामी. तिने हात कीबोर्डवर ठेवले, पण वाजवलं काहीच नाही, आणि नुसती बघत राहिली: बाईने बल्ब पिळायला हात वर नेला आणि भाजला म्हणून मागे घेतला, आणि परत नेला. इतक्या वेळा पाहून हे तिला कधी दिसलं नव्हतं, दर वेळी ती तिथे कुठला तरी जागेवरचा स्वर घालण्यात गुंतलेली असायची. बाई चिडलेली होती. दुःखीबिःखी काही नाही, चांगली चिडलेली होती, आणि तरीही ते बल्ब आपले आहेत म्हणून ती नेत होती.

राग होता. सकाळी होता तेवढाच होता, थोडा जास्तच असेल. फक्त आता तो कुणाला सांगायची घाई नव्हती.