सातव्या ओळीतलं एकतिसावं झाड

सफरचंदाची नवी जात तयार करण्यात संशोधक बाईंची अठरा वर्षं गेली होती. संकरातून वाढवलेल्या चारशे झाडांपैकी एक तरी बाजारात जाण्याजोगं निघावं, एवढीच त्यांची आस होती. सातव्या ओळीतल्या एकतिसाव्या झाडापुढे मात्र तीन वर्षं ‘फळ नाही’ अशीच नोंद होती, म्हणून आज ते तोडायचं ठरलं. करवत आली, तर म्हातारे माळीमामा बुंध्याला टेकून उभे.

“मामा, बाजूला व्हा. फळच धरत नाही ते.”

मामा कान खाजवू लागले. “धरतं हो, चिक्कार धरतं. तुम्ही मोजायला यायच्या आत आम्ही माळी मंडळीच फस्त करतो. बाकीची सफरचंदं तोंडात धरवत नाहीत.”

बाईंनी पायाने गवत सारलं. खाली खाऊन टाकलेल्या गाभ्यांचा खच पडला होता. शेजारच्या झाडांखाली एकही नव्हता.

मामांनी ओशाळून खिशातलं सफरचंद पुढे केलं. बाईंनी कचकन चावा घेतला. रस हनुवटीवर ओघळला, तरी त्या गाभ्यापर्यंत खातच राहिल्या.

“करवत परत न्या,” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि पुढच्या वर्षी या झाडाला जाळी आणि कुलूप.”

“मग आम्ही काय खायचं?”

“बाकीची तीनशे नव्याण्णव आहेत की.”