मातेला न दिसलेलं शून्य

लालबागच्या त्या चाळीत, मंडळाच्या हॉलमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर अंकानंद महाराज माइक तोंडाला लावून गरजत होते, "लिहा आपापल्या मोबाइल नंबरचे शेवटचे सात आकडे! नशिबाने तुमची उलटापालट केली ना? तशी त्याच आकड्यांची करा. मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरातला एक आकडा लपवा, बाकीचे सांगा. लपवलेला माता सांगेल! फक्त शून्य लपवू नका. शून्यात माता विश्रांती घेते!"

विश्रांती म्हणे! अपेक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या रविवारी या ढोंग्याने तिच्या आईचा, कौसल्याबाईंचा, आकडा ओळखला होता आणि वर ठोकून दिलं होतं, "चार! चौथं स्थान छातीचं. गाठीला सुरी लावाल तर मराल. तीर्थ घ्या." झालं! ऑपरेशन उद्यावर आलेलं, आणि आई हटून बसलेली, "माका कापूक नको. मातेन सांगल्यान."

अपेक्षा माटुंग्याच्या कॉलेजात गणित शिकवायची. कागदावर वजाबाकी करून ती उभी राहिली.

"महाराज, माझे आकडे घ्या. दोन, सात, तीन, सहा, पाच, चार. लपलाय कुठला?"

महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले. "नऊ!"

अपेक्षाने कागद उंच धरला. लपवलेल्या जागी शून्य होतं.

"ए बाई, शून्य नको म्हटलं होतं ना!"

"म्हटलं होतंत. पण मातेला दिसायला काय धाड भरली होती?" अपेक्षा लोकांकडे वळली. "अहो, हा ओठांतल्या ओठांत बेरीज करतोय! आकडे तेच ठेवून कसेही फिरवा, वजाबाकीच्या उत्तराला नवाने पूर्ण भाग जातो. त्या उत्तरातल्या आकड्यांची बेरीजही नवाच्या पाढ्यातच येते. सांगितलेल्या आकड्यांची बेरीज करायची, पाढ्यातल्या पुढच्या संख्येला किती कमी पडतात ते बघायचं, की लपलेला सापडला. माझी बेरीज सत्तावीस, ती आधीच पाढ्यात आहे. मग लपलेलं शून्य की नऊ, हे याला कळेना. म्हणून शून्याला बंदी!"

"नास्तिक आहे ती, काढा बाहेर!" मागून कोणीतरी ओरडलं.

"गप बस गो," बाजूला बसलेल्या कौसल्याबाई लाजेने पुटपुटल्या.

"आई, आता लपलेला तूच सांग. भिवाकाका, तुम्ही तुमच्या उत्तरातले वाचा."

शेजारच्या भिवाकाकांनी एक आकडा लपवून बाकीचे वाचले, "आठ, एक, सहा, चार, तीन."

कौसल्याबाईंनी बोटांच्या पेरांवर बेरीज केली. बावीस. सत्ताविसाला पाच कमी. "पाच काय रे?"

"आयला, बरोबर!" भिवाकाका उडालेच.

"आई, तुझ्या अंगात माता आली?"

"खयची माता! मी बेरीज केलंय."

"यानेही तेवढीच केली. बेरीज येते म्हणून याला तुझी गाठ कळते का? ज्या डॉक्टरांनी तपासली त्यांना कळते." ती पुन्हा लोकांकडे वळली. "देव माना, नका मानू, तुमची मर्जी. पण असला चमत्कार दिसला की आधी तो स्वतः करून बघा. आपला जीव भामट्यांच्या हाती देऊ नका!"

कौसल्याबाई स्टेजकडे बघतच राहिल्या. "मेल्या, मरान म्हणान माका भिवयलंस!"

मग त्या लेकीकडे वळल्या. "उद्या उपाशीच जाऊचा ना गो?"

अपेक्षाला रडूच कोसळलं.