फोरमनचा पट्टा

मित्रांनो, मी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. आता पार कडक झालोय, वाकवलं तर तडकेन.

आधी मी मशीनचा पट्टा होतो. आकुर्डीच्या एका कंपनीत दिवसभर गरागरा फिरायचो. तुटलो तेव्हा तिथल्या विलासरावांनी साहेबांना विचारून माझा तुकडा घरी आणला, बक्कल लावलं आणि कुत्र्याच्या गळ्यात बांधला. कुत्र्याचं नाव फोरमन. काम काही नाही, नुसता सगळ्यांवर ओरडायचा, म्हणून!

फोरमनची ड्यूटी एकच. संध्याकाळी भोंगा झाला की धावत कंपनीच्या गेटवर जायचं आणि विलासरावांना घरी आणायचं. तो धावला की माझं बक्कल किणकिणायचं. काय दिवस होते ते!

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. गुरुवारी कंपनीला सुट्टी, पण त्या गुरुवारी ओव्हरटाइम निघाला. विलासरावांनी घेतला नाही. त्यांच्या लेकीला, चित्राला, निगडीच्या टेकडीवर जायचं होतं. मग काय, भाकरी-ठेचा बांधून बापलेक आणि आम्ही दोघं निघालो. वर वारा असा की फोरमनचे कान उलटे झाले. खाली ज्वारीची शेतं आणि मधूनमधून कंपन्यांचे पत्रे चमकत होते.

उतरायच्या बेतात होतो, तेवढ्यात खालून भोंगा झाला. फोरमन ताडकन उठला. विलासरावांनी मला धरलं.

"अरे वेड्या, मी इथंच आहे ना!"

पण मी जरा सैलच होतो. त्याने मान मागे खेचली. मी विलासरावांच्या हातात राहिलो आणि फोरमन उतारावरून दिसेनासा झाला.

चित्रा रडायला लागली. "बाबा, पट्टा नसलेली कुत्री गाडीत घालून नेतात ना?"

ती गाडी आकुर्डीत हल्ली रोज फिरत होती. दोघं घसरत, ठेचकाळत खाली आले.

कामगार केव्हाच पांगले होते. फोरमन मात्र बंद गेटच्या फटीला नाक लावून बसला होता.

"या राव!" वॉचमन कोंडाजी म्हणाला. "तुमी मारली दांडी, अन् फोरमन आला ओव्हरटाइमला! हरेकाची पँट हुंगली त्यानं. ती कुत्र्यांची गाडी बी आलती. मी म्हनलं, ह्यो कंपनीचा मानूस हाय, व्हा फुडं."

विलासरावांनी हाक मारली. फोरमनने वळून पाहिलं, परत गेटकडे पाहिलं. त्याला काही कळेना. मग असा झेपावला, जसं काही विलासराव आत्ताच शिफ्ट संपवून बाहेर आलेत. विलासरावांनी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. माझं बक्कल चित्रानेच लावलं.

फोरमन जाऊन आता बरीच वर्षं झाली. मित्रांनो, कुत्रा पाळलात तर त्याचा पट्टा अधूनमधून तपासत जा. आणि घरी यायची वेळ पाळा. वाट बघणाऱ्याला सुट्टी नसते. गेट बंद झालं तरी तो तिथून हलत नाही.