पाटीभर ज्वारी

डॉक्टरांनी महिन्याभरात मेलेल्या तिसऱ्या मेंढ्याचं पोट उभं चिरलं, आतडी बोटांवर घेतली आणि वर न बघताच विचारलं, "याला दाणे चारता का?"

"न्हाई," दगडाबाई म्हणाली. "नुसता पाला आन् कडबा."

हे खोटं होतं. कळपातले निवडक मेंढे ती घरामागच्या वाड्यात बांधून ठेवायची आणि नवरा, व्यंकटराव, बाकीची मेंढरं घेऊन रानात गेला की त्यांच्यापुढे ज्वारीची पाटी मांडायची. घरच्या ज्वारीला हात लावायचा नाही, अशी व्यंकटरावाची ताकीद होती. पण बाजारात लोक त्याच्या मेंढ्यांकडे वळून बघायचे, तेव्हा मिशीला पीळ द्यायला तोच पुढे असे.

सून रेणुका डॉक्टरांसाठी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. ज्वारीची पाटी रोज तीच धूत असे. ती सासूकडे बघत राहिली.

"आंत्रविषार," डॉक्टर हात धूत म्हणाले. "जंतू पोटात असतातच. दाणे जास्त पडले की त्यांचं फावतं आणि विष तयार होतं. म्हणून धष्टपुष्ट जनावर आधी जातं. लस आली की टोचून देतो."

त्यांची गाडी परभणीच्या रस्त्याला लागली तसा व्यंकटराव बाजेवर टेकला.

"डॉक्टर म्हनला दाण्यानं मरतेत. आपुन तर दाणं घालीत न्हाई. मंग उरलं काय?"

उरली होती रेणुका. लोकर कातरायच्या दिवशी याच मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली होती, "किती गुबगुबीत झालाय!" वाड्यात उभं राहून जनावराची तारीफ करायची नाही, हे धनगराच्या लेकराला बोलायला येण्याआधी कळतं. त्यात हिची कूस अजून उजवली नव्हती. मेंढरू मेलं की गुन्हेगार शोधायची आपल्याकडे भारी घाई, आणि तो बहुतेक वेळा सुनेच्या लुगड्यातच सापडतो.

"नागेश, हिला म्हायेरी चुडाव्याला सोडून ये," व्यंकटराव लेकाला म्हणाला. "मेंढरं ऱ्हायली तर घर ऱ्हाईल."

दगडाबाईच्या ओठाशी शब्द आला होता. पण व्यंकटरावाची काठी बाजेला टेकलेली होती, आणि आधी मेलेले मेंढेही त्या एका शब्दासरशी तिच्या पदरात पडले असते. तिला स्वतःची लाज वाटली. भीती मात्र जास्त वाटली.

आणि रेणुका बोलली असती तरी सासूपुढे तिचं कोण ऐकणार होतं? मुकी बिचारी कुणीही हाका. पिशवी भरून ती दाराशी थांबली.

"आत्याबाई, पाटी धुऊन पालथी घातलीय."

"बरं," दगडाबाई म्हणाली.

त्या दिवसापासून तिने ज्वारी बंद केली. मेंढे मरायचे थांबले. शेजारची पंचफुला उंबऱ्यावर बसून म्हणाली, "बगा, ती गेली आन् वाडा कसा निवळला." व्यंकटरावाने नागेशसाठी बोरी गावची एक पोरगी हेरून ठेवली आणि फारकतीची भाषा सुरू केली. नागेश ताटावरून अर्ध्या भाकरीवर उठू लागला.

खाई त्याला खवखवे. दगडाबाईला ती उष्टी भाकरी बघवेना. खरं बोलायची छाती तर होत नव्हती. मग तिला दुसरीच वाट सुचली. रेणुका इथे नसताना एखादा मेंढा मेला, तर नजरेची गोष्ट आपोआप खोटी ठरेल. कुणाला काही सांगायला नको.

बापलेक रानात गेल्यावर तिने पाटी सुलटी केली, काठोकाठ ज्वारी भरली आणि सगळ्यांत देखण्या मेंढ्यापुढे सरकवली. त्याला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तो शेपटी हलवत खात सुटला. मध्येच मान वर करून त्याने तिचा हात चाटला. ती तिथून हलली नाही. पाटी रिकामी झाल्यावर तिने ती पुन्हा भरली.

सकाळी मेंढा मान मागे टाकून, पाय ताणून पडला होता.

नागेश धावत आला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर उजेड होता.

"आबा, आता तर ती हितं न्हाई! मंग कुनाची नजर लागली?"

व्यंकटरावाने काठीने मेंढ्याची ताठलेली मान ढोसून बघितली.

"तितं बसून सराप द्यायलीय," तो म्हणाला. "नजर परवडली, सराप न्हाई परवडत. उद्याच बोरीला जाऊ. आन् डॉक्टरला बोलवू नगं. खड्डा खंद."

नागेशने फावडं उचललं, मग थांबून आईकडे वळला.

"आई, तू तर काई बोल."

दगडाबाई मेंढ्याच्या डोक्याशी बसली होती. त्याच्या ओठाला ज्वारीचा एक दाणा चिकटलेला होता. तिने तो पदराने पुसून घेतला.

"म्या काय बोलू बाबा," ती म्हणाली. "खोल खंद, कुत्रे उकरतेत."