दहा बॉलची ओव्हर

मी पांढरा फळा बोलतोय. निळ्या चौकटीचा, एका कोपऱ्यात टवका उडालेला. सध्या घाटकोपरच्या पंतनगरात एका बिल्डिंगच्या गेटवर लटकलोय. पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी बंद राहणार, हे लोकांना सांगायचं. एवढंच काम उरलंय.

मला स्टेशनजवळच्या दुकानातून सुलक्षणानं आणलं. दुकानदाराला वाटलं, मुलीच्या अभ्यासासाठी हवा असेल. पण मी हवा होतो तिच्या नवऱ्याला. राजेशच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज कायमचा गेला होता.

आवाज जावा तोही याचाच! एरवी कुरिअरच्या ऑफिसात नोकरी, पण सुट्टीला मैदानावर क्रिकेटची कॉमेंट्री करायचा. चौकार गेला की माइकमध्ये ओरडायचा, "झकाऽस!" हे सगळं मी लोकांकडून ऐकलं. माझ्या वाट्याला त्याचं फक्त अक्षर आलं.

भेटायला येणारे त्याच्याशी ओरडून बोलायचे. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ तर आधीचं पुसून, मार्कर घेऊन माझ्यावरच उत्तर लिहायचे. अहो, तो बोलू शकत नाही, ऐकू येतंय त्याला! माझा असा संताप व्हायचा.

त्याची मुलगी श्रुतिका सहावीत. तिला दशांशांचा भागाकार काही केल्या जमेना. एका संध्याकाळी तिनं माझ्यावर ४.५ भागिले ०.५ मांडलं आणि उत्तर लिहिलं, पाच, उरले चार.

"हे कुठून आणलंस गं?" सुलक्षणानं विचारलं.

"चार ओव्हर पाच बॉल म्हणजे एकोणतीस बॉल ना? मग पाच-पाचचे गट केले."

राजेश हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलले. मग खांदे एकदम थांबले. मांडीवर बसवून स्कोअर वाचायला तिला त्यानंच शिकवलं होतं. त्यानं लिहिलं, "इथे दहा बॉलची ओव्हर."

"अशी कुठे ओव्हर असते, पप्पा?"

"गणितात असते."

पंचेचाळीस बॉल, पाच-पाचचे गट, उत्तर नऊ. त्या दिवशी तिला पटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाच्याच ओव्हर. ०.६ दिसलं की तर ती भांडायलाच उठायची. "पॉइंट सहा नसतंच, पप्पा! सहा झाले की ओव्हर संपते."

दिवाळीनंतर आजार उलटला. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. राजेशनं सुलक्षणाला लिहून दाखवलं, "मीच घातलंय तिच्या डोक्यात. जायच्या आत मीच काढणार." तिनं वाचलं आणि घाईघाईनं पुसलं, पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

रोज एक गणित व्हायचं. दुखणं वाढलं की त्याच्या ओळी खाली उतरायच्या. चूक असली की तो गोल करायचा. बरोबर असलं की नुसती खूण, कारण सुलक्षणानं मागून सुचवलेलं असायचं. 'झकास' मात्र त्यानं राखून ठेवलं होतं. तिला आपलं आपण येईल तेव्हाच लिहायचं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यानं लिहिलं, ७.२ भागिले ०.६.

"आता नको ना, पप्पा, उशीर होतोय!" दप्तर पाठीला लावून श्रुतिका दारात उभी. तरी परत आली. ओठ हलले, बहात्तर बॉल, सहा-सहाचे गट. तिनं १२ लिहिलं. तोवर त्याचे डोळे मिटले होते. "आल्यावर बघते हं, तपासून ठेवा," म्हणाली आणि पळाली.

थोड्या वेळानं तो जागा झाला. मला पोटावर ओढलं, बघितलं. एक शब्द लिहायला त्याला फार वेळ लागला. झकास. मार्कर चादरीवर पडला आणि मी त्याच्या छातीवर पालथा झालो. छाती हलायची थांबली ते मला सगळ्यात आधी कळलं. सुलक्षणा स्वयंपाकघरात होती.

घर माणसांनी भरलं. गेटवरचा जुना फळा रंगवायला गेला होता. भाऊंनी मला उचललं, आणि नेहमीच्या सवयीनं, न वाचताच, पुसलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी लिहिलं, "राजेश मेस्त्री यांचे दुःखद निधन. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता." आणि मला गेटवर टांगलं.

श्रुतिकाला आणायला माणूस गेला होता. त्यांची चुकामूक झाली. ती मैत्रिणीबरोबर मागच्या गल्लीतून आली, पेपर सोपा गेल्याच्या आनंदात. माझा टवका तिनं लांबूनच ओळखला.

"ए, हा तर आमचा फळा! इथे कोणी लावला?" ती हसत जवळ आली. मग वाचू लागली.

ती बातमी तिला मी दिली.

मला परत घरात न्यायला सुलक्षणानं नको म्हटलं. शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवशी दोघी माझ्यासमोर थांबल्या. "आई, पप्पांनी तपासलं होतं का गं?"

"मी बघितलं नाही गं, बाय. काही असलं तर भाऊंनी पुसलं असणार."

तेव्हापासून ती मान खाली घालून माझ्यासमोरून जाते. माझ्यावर रोज अक्षरं असतात, पण मला हवी ती दोन वाक्यं कुणी लिहीत नाही. तुम्ही या गेटवरून कधी गेलात, मार्कर दोरीला बांधलेलाच असतो, तर माझं एक काम करा. पाण्याच्या वेळेखाली जागा आहे. लिहा, श्रुतिका, बारा बरोबर आहेत. पप्पांनी झकास लिहिलं होतं.