तिसऱ्या कार्डाची शिट्टी

"गेला परत!" चित्रकार मुलगी म्हणाली आणि तिने माउस दूर सारला.

पडदा काळा झाला होता. काकांनी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. सकाळपासूनची ही चौथी खेप. एकाशेजारी एक अशी चार ग्राफिक्स कार्डं बसवलेला हा कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसचा कर्ता पुरुष. मुलीने काढलेली कार्टूनची चित्रं हलती करायचं काम ही चार कार्डं आपसात वाटून घ्यायची. कालपासून सगळं ठप्प होतं.

काका गेली सव्वीस वर्षं इथली यंत्रं दुरुस्त करत होते. त्यांची पद्धत सगळ्यांना तोंडपाठ होती. झाकण काढायचं, डोळे मिटायचे आणि कान लावायचा. "यंत्र स्वतःच सांगतं, आपण फक्त गप्प बसायचं," हे ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. काम झालं की नोंदवही. तिचे शेवटचे दोन रकाने म्हणजे 'दोष कोणी शोधला' आणि 'दुरुस्ती कोणी केली'. दोन्हींत पानोपान काकांचीच सही. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. "काका, चार वाजेपर्यंत बघा. नाहीतर बाहेरच्या कंपनीला बोलावते. त्यांचं म्हणणं, सगळीच मशिन्स आमच्याकडे सोपवा."

"चार कशाला, त्याच्या आधीच होईल," काका म्हणाले. आवाज ठणठणीत होता, मनात मात्र खात्री नव्हती.

कारण करायचं ते सगळं करून झालं होतं. काल एकेक कार्ड एकटं लावून तासभर पळवलं, चारही पास. वीज पुरवणारा डबा नवा घातला, वायरी बदलल्या. एकेकटी गुणी, पण एकत्र आली की घर डोक्यावर घेणारी भावंडं असावीत, तसा प्रकार. पडद्यावरचे तापमानाचे आकडेही साळसूद होते.

काकांनी पुन्हा मशीन चालू केलं आणि डोळे मिटून कान लावला. पंख्यांची घरघर ऐकू येत होती, नेहमीसारखी.

"सगळं ठीक वाटतंय," ते दहाव्या मिनिटाला म्हणाले.

"ठीक? काका, त्या शिट्टीने डोकं उठलंय माझं. कालपासून वाजतेय. मला वाटलं, तुम्ही तीच ऐकताय... बघा, थांबली."

आणि पडदा काळा झाला.

काकांना गेल्या महिन्यातली सकाळ आठवली. "गजर केव्हाचा बोंबलतोय आणि तुम्ही खुशाल घोरताय!" असं बायको म्हणाली होती. काकांनी घड्याळाला दोष देऊन ते खोलून ठेवलं होतं. घड्याळात काहीच बिघाड नव्हता.

"हो, ऐकली की," ते म्हणाले.

"मग कुठल्या कार्डातून येतेय?"

चारांपैकी एक. ठोकून द्यायला काय जात होतं? काकांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"अगं, मला नाही ऐकू आली. बारीक आवाज मला आता ऐकू येत नाहीत." हे बोलताना त्यांना लाज वाटली, आणि बोलून झाल्यावर हलकंही वाटलं.

मुलीने खुर्ची पुढे ओढली. "मी ऐकते. कसं ऐकायचं ते सांगा."

"डोळे मीट. घरघरीकडे लक्ष देऊ नकोस. शिट्टी सुरू झाली की नुसतं बोट दाखव."

नवव्या मिनिटाला तिचं बोट तिसऱ्या कार्डावर थांबलं. काकांनी बॅटरीचा झोत टाकला. कडेचा छोटा पंखा अडखळत होता. बघता बघता तो थांबला, आणि मशीन बंद पडलं. एकटं असताना त्या कार्डाला मोकळी हवा मिळायची. दोन गरम कार्डांच्या मध्ये चेपलं की पंख्याचं बेअरिंग तापून आवळायचं. पडद्यावरचा आकडा फक्त मधल्या चिपचा, त्याला कडेची आग काय कळणार?

काकांनी पंखा बदलला. त्यांचे हात झपझप चालत होते. चारही कार्डं सलग दीड तास चालली.

"आता वाजतंय का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"नीट ऐक हां."

"ऐकलं. काही नाही."

काकांनी मान हलवली आणि झाकण बसवलं.

पावणेचारला मॅडम आल्या. "सापडलं ना? मी म्हटलंच होतं, आमच्या काकांचा कान म्हणजे..."

"कान हिचा होता, मॅडम," काका म्हणाले. "माझा गेला. उद्या त्याबद्दल बोलू."

त्यांनी नोंदवही उघडली, पेन मुलीपुढे धरलं आणि 'दोष कोणी शोधला' या रकान्यावर बोट ठेवलं. तिने संकोचत सही केली. मग काकांनी पेन घेऊन शेजारच्या रकान्यात आपली सही केली, नेहमीसारखीच, पूर्ण नावाची.